एकशे सदतिसावं जनावर

आज तुमची तिथी, अण्णा. सव्वाअकरा झाले आणि धाकटा अजून आलेला नाही. दरवर्षी साडेनऊच्या ठोक्याला येतो. इंदिरानगरपासून माझ्या या देवनहळ्ळीच्या फ्लॅटपर्यंत यायला कसा जीव जातो यावर दारातच पाच मिनिटं बोलतो, चपला काढता काढता "अक्का, कॉफी" म्हणतो आणि मग तुमच्या फोटोसमोर पाट मांडतो. आज पाट मीच मांडला. उप्पीट केलं, तुमच्यासारखं, रवा आधी कोरडा भाजून, शेंगदाणे न घालता, कारण शेंगदाणे म्हणजे तुमच्या मते आचाऱ्यांनी रवा वाचवायला काढलेली युक्ती. ते गार झालं. दोनदा गरम केलं, आता त्याचा गोळा झालाय. त्याला फोन करायची माझी हिंमत नाही, कारण मागच्या रविवारी मी त्याला एक गोष्ट सांगितली आणि त्यानंतर आठवडाभर तो माझ्याशी एक अक्षर बोललेला नाही. तीच तुम्हाला सांगायला बसलेय. खरं तर त्याच्या आधी तुम्हालाच सांगायला हवी होती. आपल्या रजिस्टरातली एकशे सदतीस नंबरची नोंद खोटी आहे. ते जनावर मला दिसलं नव्हतं.

हे वाचून तुमचा चेहरा कसा होईल ते मला ठाऊक आहे. राग नाही, नुसती उजवी भुवई वर. घड्याळाच्या कारखान्यात तुम्ही आयुष्यभर एकच काम केलंत. एका डोळ्याला भिंग लावायचं, दुसऱ्यांनी जुळवलेली यंत्रं बघायची, आणि पास की नापास ते लिहायचं. त्या भिंगाची गोल खूण तुमच्या भुवईखाली कायमची बसली होती, आंघोळ करून आलात तरी दिसायची. "शंका आली की नापास," तुम्ही म्हणायचात. "घड्याळ घालणाऱ्याला वेळ बघायचीय, माझी दयामाया नकोय त्याला." पुढे मी कोरमंगलातल्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला लागले, तेव्हा पेढे वाटायचे सोडून तुम्ही कपाळाला हात लावलात. "झालं! म्हणजे आपल्या घरात काही बनवणारं कोणी निघायचं नाही. सगळे मेले चुका काढणारे." आणि मग स्वतःच इतके हसलात की ठसका लागला.

मी दहा वर्षांची आहे. कारखान्याची सहल बंडीपूरला चाललीय, बसमध्ये अंताक्षरी रंगलीय, आईच्या मांडीवर धाकटा झोपलाय. तुम्ही खिडकीशी बसलात, गाण्यात तुमचं लक्ष नाही. एकाएकी उठता आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारून "निल्सी, निल्सी" म्हणून ओरडता. बस थांबते. डावीकडच्या झुडपांतून तांबूस रंगाची कुत्री एकामागोमाग रस्ता ओलांडतात, सात का आठ, काळ्या झुबकेदार शेपट्यांची. शेवटचं मधेच थांबून बसकडे बघतं आणि निघून जातं. बसमध्ये तोवर 'म' वर गाडी अडलेली असते. लोक वाकून बघतात तेव्हा रस्ता रिकामा. "काय होतं हो?" कोणीतरी विचारतं. "कुत्री," तुम्ही म्हणता, आणि सगळी बस खो खो हसते. कुत्र्यांसाठी बस थांबवली! तुम्ही कोणाला समजवायला जात नाही. जागेवर येऊन बसता आणि माझ्या कानाशी वाकता. "दिसलं का?" हो. "नीट दिसलं?" शेपटी काळी होती, मी म्हणते, शेवटचा थांबला होता. "मग पास."

पुढच्या आठवड्यात तुम्ही स्टोअरमधून रीतसर मागून एक कोरं रजिस्टर आणलंत. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी पाठीचं. पट्टीने रकाने आखलेत आणि वर तुमच्या गोल अक्षरात लिहिलंत: अनुक्रमांक, काय, कुठे, शेरा. पहिली ओळ माझ्याकडून लिहून घेतलीत. रानकुत्रा, बंडीपूर, पास. दोन वर्षांनी मी मोठ्या तोऱ्यात 'बिबट्या' लिहिलं होतं, आठवतं? सावनदुर्गाच्या पायथ्याशी गवतात एक शेपूट दिसलं होतं मला, तेवढ्यावर. तुम्ही रजिस्टर स्वयंपाकघरात मागवलंत, हातातला झारा खाली ठेवलात आणि माझी उलटतपासणी घेतलीत. डोकं दिसलं? नाही. ठिपके? बहुतेक. "बहुतेक म्हणजे काय?" लाल पेन्सिलीने सरळ रेघ मारलीत आणि शेऱ्यात लिहिलंत नापास. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ताटात आंबोळी वाढता वाढता तुम्ही म्हणालात, "शेपटीवर बिबट्या लिहिलास, तर खरा बिबट्या समोर येईल त्या दिवशी काय लिहिशील गं?" खरा बिबट्या पुढे चौदा वर्षांनी आला. तो लिहिताना मला तुमचं आंबोळीचं उलथणंच दिसत होतं.

आई गेली त्या वर्षी मी सतराची होते. शेवटचे चार दिवस तिच्या उशाशी मी बसले होते, कारण तुम्ही दवाखाना आणि धाकटा आणि कारखाना यांच्यात धावत होतात. तिचा चेहरा रोज थोडा थोडा दुसऱ्याच कोणाचा तरी होत गेला. त्याबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. तुम्ही स्वयंपाक शिकलात, तो तपासनीसाच्या पद्धतीने. वाटी सपाट, चमचा सपाट, मीठ मोजून. धाकट्याच्या डब्यात चित्रान्न, माझ्या डब्यात चित्रान्न, तुमच्या डब्यात चित्रान्न. रविवारी पहाटे आपण दोघं कधी बन्नेरघट्ट्याच्या बाजूला, कधी नंदी डोंगराच्या बाजूला जायचो, धाकट्याला शेजारच्या अक्कांकडे सोडून. तो रडायचा. "मला पण न्या." तुम्ही म्हणायचात, तू बडबड्या, तुझ्यामुळे ससासुद्धा दिसायचा नाही. पोटात दुखलं असेल त्याच्या. तुमच्या आणि माझ्या त्या रविवारांत त्याला जागाच नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

मग मी कमवायला लागले आणि जग बघायला लागले. लोक जग बघतात म्हणजे मनोरे बघतात, पूल बघतात. मी इथिओपियाच्या पठारावर थंडीने कुडकुडत तांबडा लांडगा उंदीर पकडताना बघितला. ब्राझीलच्या दलदलीत मुंगीखाऊ आई बघितली, पाठीवर पिल्लू, पिल्लाचा पट्टा आईच्या पट्ट्याला असा जुळलेला की शिंप्याला जमणार नाही. बोर्नियोत नाकाडी माकडं बघितली, त्यांच्यातल्या म्हाताऱ्या नराला बघून तुमच्या फोरमनची आठवण झाली, ते मी तुम्हाला सांगितलंही. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न ठरलेला. एकटीच? हो, एकटीच. नवरा? नाही. मग ते बिचारे जास्तीचा भात वाढतात. या सहलींची एक रीत असते. संध्याकाळी सगळे एका टेबलाभोवती बसतात आणि म्होरक्या हजेरी घेतल्यासारखी दिवसाची जनावरं वाचतो. कोल्हा? दिसला. मुंगूस? दिसलं. कोणाला नुसता आवाज आला, कोणाला पायाचे ठसे दिसले, तर ते चालत नाही. डोळ्यांनी बघितलं तरच खूण. पहिल्यांदा ती रीत बघितली तेव्हा मला इतकं घरच्यासारखं वाटलं, अण्णा, की डोळ्यांत पाणी आलं. हे सगळे आपल्या कारखान्यातलेच की!

पण माझी खरी हजेरी व्हायची ती परत आल्यावर. बॅग दारात टाकून मी रजिस्टर तुमच्यासमोर धरायची आणि तुम्ही चष्मा पुसत म्हणायचात, "हं. दिसलं का? नीट?" तिथे माझा प्रवास संपायचा. तुम्ही गेल्यावर एकही प्रवास संपलेला नाही. आज आकडा चारशे बाराच्या पुढे आहे. विमानतळाजवळ म्हणून इथे देवनहळ्ळीत फ्लॅट घेतला. समोर द्राक्षाची बाग होती ती जाऊन प्लॉट पडलेत. परत येते, कुलूप काढते, गॅस चालू करते, आणि दोन दोन दिवस माझा आवाज मी ऐकलेला नसतो. परवा दूधवाल्याला "स्वल्प थांबा" म्हणाले तर घसा बसलेला निघाला. कंटाळा नाही म्हणत मी. एकटं वाटतं. साधं, सरळ एकटं वाटतं.

आता ते जनावर. मंगोलियाला निघाले तेव्हा तुम्ही विचारलंत, या वेळी काय? मी म्हटलं मॅनुल. म्हणजे? म्हणजे मांजर, रानमांजर, घरच्या बोक्याएवढंच पण केसाळ, राखाडी, कान बाजूला, तोंडावर कायमचा वैताग. "मांजर?" तुम्ही म्हणालात. "अय्यो, मांजर बघायला मंगोलिया? आपल्या क्वार्टर्सच्या मागे पन्नास आहेत. स्वल्प दूध ठेव, पाहिजे तेवढी बघ." मी म्हटलं, अण्णा, ते खडकावर असं चपटं होऊन बसतं की दगड आणि मांजर ओळखता येत नाही. भुवई वर गेली. "मग तर नीट बघून ये." तुम्हाला तेव्हा खोकला होता. बोलताना दोनदा थांबलात. मी ते बघितलं, आणि बघितलं नाही असं केलं.

त्या गवताळ माळावर फोनची रेंज फक्त एका टेकडीवर होती. सहाव्या दिवशी दुपारी मी टेकडी चढून घरी फोन केला. धाकटा म्हणाला, "अक्का, अण्णांना दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर काही नीट सांगत नाहीत. तू नीघ." मी म्हटलं निघते. खाली आले. माझ्याबरोबर तिथला एक म्हातारा घोडेवाला होता, तोच गाडी चालवायचा, तोच वाट दाखवायचा, पन्नासेक इंग्रजी शब्द त्याला यायचे. वडील आजारी, म्हटल्यावर त्याने काही न विचारता माझी बॅग जीपमध्ये टाकली. आणि मी ती परत काढायला लावली. त्या सकाळी त्याला एका खडकाळ उंचवट्यापाशी मॅनुलची ताजी विष्ठा सापडली होती. उद्या पहाटे बसलो तर दिसेल, असं तोच तासाभरापूर्वी म्हणाला होता. एक पहाट, मी त्याला बोट दाखवून सांगितलं, एकच. 

सूर्य मावळायच्या आधी मी पुन्हा टेकडीवर गेले आणि धाकट्याला सांगितलं, बर्फ पडलंय, रस्ता बंद आहे, उद्या दुपारशिवाय निघता येणार नाही. आकाश निळंशार होतं, अण्णा. रस्ता, म्हणजे ती चाकोरी, नजर जाईल तिथवर स्वच्छ दिसत होती. जीप दीड दिवसात राजधानीला पोचवते, तिथून विमान. त्या दुपारी निघाले असते तर तिसऱ्या दिवशी दुपारी तुमच्यापाशी असते. तुम्ही तिसऱ्या दिवशी दिवेलागणीपर्यंत होतात. हे गणित मी इतक्या वेळा केलंय की आता ते झोपेतही करू शकते.

पहाटे आम्ही त्या उंचवट्यासमोर, दोनेकशे पावलांवर, गाडीच्या आडोशाला बसलो. तिपाईवर दुर्बीण लावली. उजाडता उजाडता म्हाताऱ्याने माझं कोपर दाबलं. "कॅट." खडकाच्या कडेला एक राखाडी गोळा. वर जरा पांढुरका, खाली सावली. म्हातारा माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवत होता. "कॅट, गुड. यू गो. फादर." सूर्य वर आला, उजेड फिरला, आणि त्या गोळ्याला ना कान फुटले, ना डोळे. मी उठून चालत गेले असते तर खात्री झाली असती. पण जनावराच्या जवळ जायचं नाही हा आमच्यातला नियमच आहे, तो मला त्या दिवशी फार सोयीचा वाटला. पुढे कधीतरी मनात आलं, म्हाताऱ्यालाही ठाऊक असेल. मी घरी जावं म्हणून त्याने दगड दाखवला असेल. जीपमध्ये बसल्यावर मी रजिस्टर काढलं आणि लिहिलं: एकशे सदतीस, मॅनुल, मंगोलिया, पास. रेघही वाकडी आली नाही.

मी पोचले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. तुम्हाला बारापर्यंत ठेवलं होतं, मग उचललं. धाकटा ओल्या धोतराने पायरीवर बसला होता, मुंडन केलेला, एकदम लहान दिसत होता. मला वाटलं, अंगावर येईल. तो म्हणाला, "अक्का, दिसलं का ते मांजर?" मी हो म्हटलं. त्याने डोळे मिटले. "बरं झालं. अगं, काल चार वाजता शुद्धीवर होते. दोनदा विचारलं, तिला मांजर दिसलं का म्हणून. मी म्हटलं, हो अण्णा, दिसलं, नीट दिसलं, तिचा फोन आला होता. थाप मारली मी. पण तू म्हणतेस तर खरी ठरली." आणि तो रडायला लागला. मी त्याला जवळ घेतलं. काय करायला हवं होतं मी? त्या पायरीवर सांगायला हवं होतं?

तेव्हापासून ही सोळा वर्षांची पद्धत. तिथीला भटजी नाही, पिंड नाही, तुम्हाला ते आवडत नव्हतंच. उप्पीट, पेल्यात कॉफी, आणि तुमच्या फोटोसमोर रजिस्टर त्या पानावर उघडून ठेवायचं. ही कल्पना त्याची. तो त्या ओळीवर हळदकुंकू वाहतो, एक फूल ठेवतो आणि मोठ्याने म्हणतो, "अण्णा, अक्काला दिसलं होतं हं." त्या रविवारांत जागा नसलेल्या मुलाला शेवटी तुमच्या आणि माझ्यामध्ये ही एवढी जागा मिळाली, त्या एका वाक्यापुरती. पान इतकं लाल-पिवळं झालंय की अक्षरं धड वाचता येत नाहीत. आणि मी दरवर्षी शेजारी हात जोडून उभी. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला विचारा.

गेल्या महिन्यात मी पुन्हा मंगोलियाला गेले. सोळा वर्षं टाळलं होतं. म्हातारा गेला, त्याची सून आता पाहुण्यांची व्यवस्था बघते. मनात चोराचा हिशेब होता: आता खरंच दिसलं, की ती जुनी ओळही खरी होईल, कोणाला काय कळतंय. पहिल्याच दिवशी तिला त्या उंचवट्यापाशी जीप थांबवायला लावली आणि या वेळी चालत गेले. खडकाच्या कडेला तो होता. वर पांढुरका, कसल्याशा बुरशीने. खाली सावली. पक्ष्यांनी शिटून ठेवलेला. मी त्यावर हात ठेवला, उन्हाने तापला होता. मला आधी हसू आलं आणि मग मी तिथेच बसले. ती सून लांबून विचारत होती, काय झालं, काय सापडलं. काही नाही म्हटलं, दगड.

मॅनुल चौथ्या दिवशी दिसलं. खरं, डोळ्यांवर डोळे, दहा मिनिटं. चेहऱ्यावर असा वैताग, जणू मी त्याचं काही घेऊन पळाले होते. चालू लागलं तर पोट जमिनीला टेकत होतं. मी खाली लिहिलं, शेवटच्या नंबरवर, आणि मागच्या त्या ओळीवर खरी म्हणून खूण करायला पेन नेलं तर हात वळेना. जुनी ओळ खरी झाली नव्हती. त्या दिवशीचं ते त्या दिवशीचंच.

म्हणून मागच्या रविवारी इंदिरानगरला गेले. त्याच्या गच्चीत बसलो, खाली कुठल्याशा पबमध्ये भर दुपारी ढोलकं बडवणं चाललं होतं. मी सांगितलं, ते मांजर नव्हतं रे, दगड होता. मला तेव्हाच कळलं होतं. त्याला आधी वाटलं मी चेष्टा करतेय. मग त्याने हातातला पेला कठड्यावर ठेवला. "म्हणजे मी अण्णांना शेवटच्या घटकेला थापच मारली," तो म्हणाला. "सोळा वर्षं मी समजत होतो की मारली खरी, पण देवाने सांभाळून घेतलं." मी म्हटलं, अरे चूक माझी आहे, तुझी नाही. "चुका काढणं तुमचं काम, अक्का. तुमच्या दोघांचं. मी फक्त एक चांगली गोष्ट केली होती त्या दिवशी." त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "तू जा आता. तिथीला मी येईन असं वाटत नाही."

इथपर्यंत लिहिलं आणि फोन वाजला. तोच होता. साडेबारा झाले होते.

"अक्का, एकच विचारतो."

"विचार की."

"मांजराचं जाऊ दे. गेलं ते खड्ड्यात. पण मी आठ दिवस विचार करतोय." मागे वाहनांचा आवाज होता, गाडीतूनच बोलत असावा. "त्या दिवशी रस्ता खरंच बंद होता ना?"

मी खिडकीतून बाहेर बघत होते. समोर प्लॉटच्या खुणेचे पांढरे दगड, ओळीने. मला वाटलं, सांग. हीच वेळ आहे, सांगून टाक.

"हो रे," मी म्हटलं. "गुडघाभर बर्फ होतं."

 त्याने मोठा श्वास सोडल्याचं ऐकू आलं. "सरी, बरं," तो म्हणाला. "मग काय करणार तू तरी. हेब्बाळपर्यंत आलोय मी, ट्रॅफिक मरणाचा आहे. उप्पीट संपवू नकोस, आणि कॉफी मी आल्यावर टाक." आणि मग, फोन ठेवता ठेवता, लहानपणी म्हणायचा तसं, "चिडलोय हं मी अजून."

आता अर्ध्या तासात तो येईल. हे कागद मी कुठेतरी ठेवून देईन, त्याला सापडणार नाहीत असे. रजिस्टर उघडलंय, आज त्या ओळीवर लाल रेघ मारलीय, शेऱ्यात नापास लिहिलंय, ते तो बघेल आणि बहुधा कुंकू रेघेवरच वाहील. पण एक तुम्हाला सांगायचं राहिलंय. मी तिथे मांजरासाठी थांबले नव्हते, अण्णा. टेकडीवर त्याचा पहिला शब्द ऐकला तेव्हाच मला कळलं होतं की तुम्ही जाणार. आईला मी बघितलं होतं. तुमचा चेहरा तसा होताना मला बघायचा नव्हता. जग पालथं घातलं बघायसाठी, आणि तेवढं मला बघवलं नसतं, म्हणून मी निघालेच नाही. त्या पहाटे दगड आहे हे मला आठ वाजताच कळलं होतं. म्हातारा सारखा म्हणत होता, चल, फादर, चल. मी अकरा वाजेपर्यंत दुर्बिणीला डोळा लावून त्या दगडाकडे बघत बसले.